पातळ लाकूड कातण्याचे कसब

पुणे-सोलापूर महामार्गावर, इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यालगत डाळज हे गाव आहे. या भागात शेताच्या बांधावर व ओढ्याकाठी बाभूळ आणि बोर ही झाडे आढळतात. एके काळी या लाकडास गावातच गिऱ्हाईक होते. बाभळीपासून नांगर, कुळव आणि गाडीच्या चाकाचा तुंबा तयार होई आणि त्याबद्दल सुतारास खळ्यावर बलुते मिळे. लोखंडी नांगर, रबरी टायरची गाडी व पुढे ट्रॅक्टर आला आणि हे काम ओसरले. बलुते गेले, पण हातातील कसब व बांधावरील झाड ही दोन्ही अद्याप आहेत. दोहोंचा मेळ घातला नाही, तर झाड जळणाच्या भावाने जाते आणि कसब एका पिढीत नाहीसे होते. हा मेळ घालण्याचा एक मार्ग म्हणजे लेथवरील कातीव काम होय. त्यास लाकूड थोडे लागते; किंमत येते ती हाताच्या सफाईस.

सावंतवाडीचा धडा

महाराष्ट्रात या धंद्याचे नामांकित ठिकाण सावंतवाडी हे आहे. कोकणात मिरीच्या व पानाच्या वेलीस आधार म्हणून लावला जाणारा पांगारा हा इमारतीस निरुपयोगी वृक्ष. त्याच्याच मऊ व हलक्या लाकडापासून तेथील कारागिरांनी खेळणी, फळे व रंगीत वस्तू घडविल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी लाखकामास व गंजिफा चित्रणास पुन्हा ऊर्जितावस्था आणली. 2024 साली सावंतवाडीच्या लाकडी कामास भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडावर असेच काम चालते. लाकूड फिरत असता त्यावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. लाखेचा किडा पळस, कुसुम व बोर या झाडांवर पोसला जातो, हे बोरीच्या बागाइतदारांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पातळपणा इतका अवघड का?

भोवरा, लाटणे, रवी या वस्तू कातणे फारसे कठीण नाही. खरी परीक्षा पातळ काडीची किंवा कागदासारख्या भिंतीच्या वाटीची असते. याचे कारण साधे आहे. काडीची जाडी निम्मी केली असता तिचा ताठपणा निम्मा राहत नाही, सोळावा हिस्सा राहतो. 12 मि.मी. जाडीची काडी 6 मि.मी. केली तर ती तितक्याच दाबाने 16 पट अधिक वाकते आणि 3 मि.मी. केली तर 256 पट. लांबी दुप्पट केल्यास वाकणे आणखी 8 पटींनी वाढते. म्हणून पटाशीचा जो स्पर्श जाड लाकडास जाणवतही नाही, तोच पातळ काडीस थरथरवितो. थरथरणारे लाकूड पटाशीवर आदळते आणि क्षणात तुटते. येथे बळाचा उपयोग नाही, क्रमाचा आहे.

लाकडाची निवड

गाठी, चिरा वा किडीची भोके नसलेले, सरळ धाग्याचे व बारीक पोताचे लाकूड घ्यावे. करवतीने कापण्याऐवजी कुऱ्हाड व पाचर यांनी फोडून काढलेला तुकडा उत्तम, कारण त्यात धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. करवतीने आडवा तुटलेला धागा पातळ जागी दगा देतो. बोरीचे लाकूड कठीण व घट्ट पोताचे असून बारीक कामास योग्य आहे. बाभळीचा गाभा मजबूत असतो, परंतु हत्यारास वारंवार धार लावावी लागते. शिवण व हळदू ही कातकामास फार चांगली लाकडे होत. तथापि, महाराष्ट्रात हळदूसारख्या ठराविक जातींची झाडे तोडण्यास 1964 च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगी लागते. ती आधी घ्यावी.

ओल्या लाकडातील पाणी सुमारे 30 टक्क्यांच्या खाली गेल्यावर लाकूड आकसू लागते, आणि ते वर्तुळाच्या दिशेने मध्याकडील दिशेच्या साधारण दुप्पट आकसते. म्हणून ओल्या लाकडाची गोल वस्तू वाळल्यावर लंबगोल होते. काडीसाठी लाकूड सावलीत, हवा खेळेल अशा जागी पूर्ण वाळवावे व दोन्ही टोकांस मेण किंवा रंग लावावा, म्हणजे ती तडकत नाहीत. वाटीसाठी दोन वेळा कातावे. प्रथम भिंत व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे 20 सें.मी. वाटीस 2 सें.मी. जाड ठेवावी. वाळल्यावर अंतिम आकार द्यावा.

कातण्याचा क्रम

लेथच्या एका बाजूस लाकूड फिरविणारे डोके असते व दुसऱ्या बाजूस टेकू देणारी टोकदार खुंटी. पातळ काम नेहमी खुंटीकडील टोकापासून सुरू करावे. थोडा भाग घ्यावा, त्यास अंतिम जाडी द्यावी, तेथेच काचकागद फिरवून तो पुरा करावा आणि मगच डोक्याकडे सरकावे. अशा रीतीने मागील जाड भाग पुढील पातळ भागास धरून ठेवतो. पुरा झालेल्या भागाकडे पुन्हा पटाशी नेऊ नये.

खुंटी फार आवळल्यास काडी मध्ये फुगून वाकते, म्हणून दाब लाकूड धरण्यापुरताच ठेवावा. डाव्या हाताची बोटे गुळगुळीत झालेल्या भागाच्या मागे हलकेच धरून आधार द्यावा. बोटे भाजू लागली तर दाब जास्त आहे, असे समजावे. पटाशीची धार वारंवार लावावी व टेका लाकडाच्या अगदी जवळ असावा. हातमोजे, सैल बाही अथवा उपरणे यांना लेथजवळ थारा देऊ नये. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास फडके बांधावे, मात्र त्याची टोके लोंबत ठेवू नयेत.

पातळ वाटीची जाडी मोजण्याचा एक सोपा उपाय आहे. फिकट रंगाचे लाकूड ओले असताना मागे दिवा धरावा. भिंत दोन-तीन मि.मी. झाली की प्रकाश आरपार दिसू लागतो. उजेड सगळीकडे सारखा दिसला तर भिंत सारखी आहे, काळसर डाग दिसला तर तेथे लाकूड अजून काढावयाचे आहे.

ग्रामसेवकांनी काय करावे

नवशिक्याने पहिल्याच दिवशी 3 मि.मी. काडीच्या मागे लागू नये. 15 सें.मी. लांबीचा तुकडा घेऊन प्रथम 8, मग 5 व शेवटी 3 मि.मी. अशी पायरी ठेवावी. तुटलेले तुकडे फेकू नयेत. ते कोठे तुटले, तेथे धागा कसा होता, हे पाहावे. हाच खरा गुरू होय. ज्याचा हात बारीक काडीस सावरतो, त्याची रवी, खेळणे किंवा पाळण्याचा खांब सहजच सुबक होतो आणि गिऱ्हाईक दाम मोजते ते या सुबकपणास. मात्र माल घडविण्याआधी बाजार पाहावा. महामार्गालगतच्या गावास येणाजाणारा प्रवासी हे मोठे साधन आहे. जी वस्तू घरात रोज वापरली जाते, तीच प्रथम करावी.

गावात कातकाम येणारा वृद्ध सुतार असेल, तर त्याच्या शेजारी एखाद्या तरुणास बसविणे हे ग्रामसेवकाचे पहिले काम समजावे. लेथ विकत मिळते, लाकूड बांधावर वाढते. हात मात्र हातापासूनच तयार होतो, आणि त्या कामास उशीर करून चालत नाही.