गरयुक्त फळभाज्यांतील बीजविकास व बियाण्याची गुणवत्ता : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील कल्याण, मुरबाड व शहापूर या तालुक्यांत पावसाळा सुरू झाला की घरालगतच्या मांडवावर काकडी, शिराळी, कारली, पडवळ यांचे वेल चढविले जातात. संकरित वाणांचे बियाणे दुकानातून येते. परंतु गावठी काकडी, वांगी वा भोपळा यांचे बियाणे पुष्कळ घरांत अजूनही घरचेच असते. जूनमध्ये ते उगवले नाही तर मोसम हातचा जातो. शिवाय असा गावठी वाण बाजारात पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते. न उगवण्याचा दोष बहुधा पावसाला दिला जातो. वस्तुतः त्याची कारणे अनेकदा मागील हंगामातील फळ तोडण्याच्या वेळेत व बी वाळविण्याच्या रीतीत असतात.

फळाची पक्वता आणि बीजाची पक्वता

फलनानंतर अंडाशयाचे फळ व बीजांडाचे बी होते. प्रारंभी बीजात पाणी अधिक असते. पुढे अन्नद्रव्य साठत जाऊन त्याचे शुष्क वजन कमाल मर्यादेला पोहोचते. शहापूर-मुरबाडकडे उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या भेंडीची शेंग यानंतर वेलीवरील घेवड्याप्रमाणे झाडावरच वाळते व बीही तिच्यासोबत वाळते. टोमॅटो, वांगी, काकडी यांत मात्र बी गरातच राहते आणि फळ पूर्ण पिकल्यावरही त्यातील ओलावा निम्म्याच्या आसपास असतो. असे ओले, उबदार बी फळातच का रुजत नाही? गरातील विद्राव्य पदार्थांमुळे निर्माण होणारा परासरण दाब आणि अ‍ॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक त्याला रोखून धरतात. अतिपक्व टोमॅटो कापल्यावर आत कोंब फुटलेले दिसतात, ते हा अटकाव सैल झाल्यामुळे.

शुष्क वजनाची वाढ थांबली म्हणजे बी तयार झाले, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. देमिर व एलिस यांनी १९९२ साली टोमॅटोवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यानंतरही काही काळ बियाण्याची गुणवत्ता सुधारत राहते, असे दिसून आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. काकडी व वांगी ही कोवळी असताना खाल्ली जातात. त्या अवस्थेतील बी अपुरे भरलेले असते. बियाण्यासाठी काकडीचे पिवळे-तपकिरी तवसे व्हावे लागते, वांगे पिवळट पडावे लागते, मिरची पूर्ण लाल व्हावी लागते. भोपळा, काकडी यांची पिकलेली फळे तोडून दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवल्यास आतील बी आणखी परिपक्व होते. दुधी, शिराळी व घोसाळी यांची गोष्ट निराळी : ती वेलावरच वाळू दिली की बी आपोआप कोरडे होते.

येथे व्यवहाराची अडचण आहे. वेलावर एक फळ बियाण्यासाठी पिकू दिले की नव्या काकड्यांची धारणा मंदावते, आणि कल्याणच्या बाजारात विकावयाच्या मालाला कात्री लागते. म्हणून सुरुवातीची फळे विकून शेवटी उरलेले एखादे वाकडे फळ बियाण्यासाठी राखले जाते. तोवर वेल थकलेला, अनेकदा रोगग्रस्त असतो व बी पोचट राहते. मोजक्या निरोगी वेलांवरील दुसरे-तिसरे फळ खूण बांधून राखणे हे नुकसान वाटले तरी ते पुढील वर्षाचे भांडवल होय.

डोंबिवलीतील गच्चीवर बाग करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. नाशिक-नारायणगावकडून येणारा टोमॅटो बहुधा संकरित असतो. त्याचे बी उगवते, पण पुढील पिढीत गुणांची फारकत होऊन फळे मूळ फळासारखी येत नाहीत. हा बीजाच्या पक्वतेचा दोष नव्हे.

बी काढणे व वाळविणे

टोमॅटो व काकडीच्या बीभोवती बुळबुळीत आवरण असते. गरासह बी भांड्यात आंबविल्यास ते सुटते. येथील उष्म्यात एक दिवस पुरेसा होतो. अधिक ठेवल्यास बी काळवंडते अथवा रुजू लागते. धुताना टोमॅटो-वांग्याचे तरंगणारे पोचट बी काढून टाकावे.

खरी कसोटी वाळविण्याची. प्रमाणित बियाण्याच्या मानकांनुसार टोमॅटो व वांग्यात ओलावा ८ टक्क्यांहून व काकडीत ७ टक्क्यांहून अधिक नसावा. किमान उगवण अनुक्रमे ७० व ६० टक्के असावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे कठीण जाते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असता उघड्यावरील टोमॅटोचे बी ११ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसते. हॅरिंग्टन यांच्या नियमानुसार ओलावा एक टक्क्याने वाढला की बियाण्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे ८ ऐवजी ११ टक्के ओलाव्यावर ते एक-अष्टमांश उरते. बी राखेत घोळविण्याची वा चुलीवरच्या उतरंडीत ठेवण्याची जुनी रीत निरर्थक नव्हती. धूर-राखेने कीड दूर राही व कोरडेपणा टिके. गॅसच्या शेगडीबरोबर ती जागा गेली, बी मात्र पुडीतच राहिले. त्याऐवजी पावसाळा संपल्यावर कोवळ्या उन्हात वा वाऱ्याच्या सावलीत बी वाळवून, कडक भाजून थंड केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवता येते. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर ओले बी पसरणे टाळावे, कारण अशा उष्णतेत भ्रूण मरतो.

मे महिन्यात शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. काकडीच्या कोंबांची अंतिम मोजणी आठव्या दिवशी, टोमॅटो-वांग्याची चौदाव्या दिवशी करावी. काकडीच्या साठांहून कमी बिया रुजल्या तर प्रत्येक आळ्यात दोनऐवजी चार बिया टोकाव्यात. तिसांहूनही कमी रुजल्या तर पहिला पाऊस पडण्यापूर्वी शेजाऱ्याकडून त्याच वाणाचे बी मागून घ्यावे.