पाण्याखाली तग धरणारं धान

मैत्रिणींनो, राहात्यात भाताचा विषय काढला की बायका हसतात. "ताई, आपल्याकडे कुठं भात पिकतो?" खरंय. आपली शिवारं उसाची, सोयाबीनची, पेरूच्या बागांची. जिल्ह्यात भात बघायचा तर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडं जावं लागतं. पण माझी नणंद वडशाला दिलीय, वैनगंगेच्या अंगाला. तिच्यामुळं धानाची शेती जवळून बघितली. तिकडं लावणीला रोवणी म्हणतात आणि ती बहुतेक बायकांच्याच हातची. दिवसभर चिखलात, कमरेत वाकून.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत उभं धान बुडालं. साधं धान पाण्याखाली गेलं की पान वर काढायला भराभरा उंच वाढू बघतं. त्या धडपडीत त्याची साठवलेली ताकद संपते आणि पाणी ओसरलं की रोप आडवं होतं. रोवणीची मजुरी, बियाणं, खत सगळं गेलं!

यावर एक उपाय आहे आणि तो आपल्याच देशातल्या एका जुन्या वाणातून निघालाय. ओडिशातल्या देशी भातापासून निवडलेला 'एफआर 13 ए' हा वाण पाण्याखाली वाढ थांबवून गप्प बसतो, ताकद राखतो. हा गुण देणारं 'सब-1 ए' जनुक शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये जाहीर केलं. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं तो गुण साध्या संकरातून लोकप्रिय 'स्वर्णा'त आणला. 'स्वर्णा सब-1' भारतात 2009 मध्ये प्रसारित झाला. साधारण दोन आठवडे बुडाला तरी तो पुन्हा फुटतो. पूर आलाच नाही तर उतारा स्वर्णाइतकाच. शिवाय हे हायब्रीड नव्हे, घरचं बियाणं राखता येतं. बियाणं राखणं म्हणजे काय, हे आपल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरेंनी दाखवलंच आहे.

2013 मध्ये ओडिशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मला फार लागली. या वाणाचा जास्त फायदा अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना होतो, कारण पाणी तुंबणारी खोलगट जमीन त्यांच्याच वाट्याला जास्त आलेली. चांगली जमीन कुणाची, हे काय तिकडंच विचारायचं असतं होय?

आता, हा काही जादूचा दाणा नाही. पाणी तीन-चार आठवडे तुंबलं, किंवा धान फुलोऱ्यात असताना बुडालं, तर हाही वाचत नाही. पीक यायला पाच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून हलक्या, लवकर सुकणाऱ्या बांधीत नको. पाणी उतरल्या उतरल्या नांगर घालायची घाई करू नये. पाच-सात दिवस थांबावं, नवं पान दिसलं की मग युरियाचा हप्ता द्यावा.

नणंदेच्या घरी बियाणं कोणतं घ्यायचं ते पुरुष ठरवतात, दुकानदार सांगेल ते. रोवणी मात्र तिची. मी तिला म्हटलं, यंदा पिशवी घरात यायच्या आधी तूच विचार. सिंदेवाही, साकोलीला कृषी विद्यापीठाची केंद्रं आहेत. खोलगट बांधीला कोणता वाण चालेल, आणि बियाणं कधी मिळेल, ते तिथं विचारायचं. मृगाच्या आत. तिच्या गटातल्या चौघी तयार झाल्यात, जाऊबाईंचं अजून नक्की नाही.