मैदान न सोडणारा संघ

क्रिकेट आता कुणाला ठाऊक नाही? कापणी झालेल्या रानात, शाळेच्या पटांगणात, देवळामागच्या मोकळ्या जागेत पोरं दगडावर दगड रचून यष्ट्या करतात आणि खेळ सुरू होतो. भारताचा सामना असला की टीव्हीपुढे म्हातारी माणसेही बसतात. पण भारताच्या संघात हे खेळाडू येतात कुठून? ते काही आभाळातून पडत नाहीत. आधी ते आपापल्या प्रांताच्या संघातून खेळतात. तिथे गुण दिसला, म्हणजे मग देशाच्या संघाचे दार उघडते.

आपल्याही प्रांताचा असा संघ आहे. त्याचे नाव महाराष्ट्र. त्याची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत.

एक राज्य, तीन संघ

तुम्ही म्हणाल, "मुंबईचा संघ तो आपलाच की! मग हा महाराष्ट्राचा संघ वेगळा कसा?" प्रश्न बरोबर आहे. आपले राज्य एक, पण क्रिकेटचे संघ तीन आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र.

त्याचे कारण असे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले. क्रिकेटच्या संस्था त्याच्या आधीच्या. मुंबईची संस्था निराळी होती. नागपूरकडचा मुलूख तेव्हा मध्यप्रांतात होता, म्हणून तिकडची संस्था निराळी. पुण्याला १९३४ साली महाराष्ट्र क्रिकेट संघटना निघाली. पुढे राज्य एक झाले, पण संघ तसेच राहिले. वाटण्या झालेले भाऊ एका गावात राहतात ना, तसेच हे. गुजरातेतही गुजरात, बडोदे आणि सौराष्ट्र असे तीन संघ आहेत.

तेव्हा पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, जळगाव, रत्नागिरी, मराठवाडा या भागातली पोरं महाराष्ट्र संघातून खेळतात. हा शेजारच्या मुंबईएवढा बलाढ्य संघ नव्हे. मुंबईने रणजी करंडक ४० हून जास्त वेळा जिंकला आहे. महाराष्ट्राने जिंकला तो दोनदा. तरीही या संघाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. का, ते पुढे कळेल.

आकडे कसे वाचायचे

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी समजून घेऊ. एका संघात ११ गडी असतात. एका संघाने फलंदाजी करायची, दुसऱ्याने चेंडू टाकायचे, याला डाव म्हणतात. मोठ्या सामन्यात प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात. सामना चार-पाच दिवस चालतो.

वर्तमानपत्रात "४ बाद ८२६" असे छापलेले असते. त्याचा अर्थ, चार गडी बाद झाले आणि ८२६ धावा झाल्या. "नाबाद ४४३" म्हणजे त्या गड्याने ४४३ धावा केल्या आणि त्याला कुणी बाद करू शकले नाही. हे दोन्ही आकडे आम्ही उगीच घेतलेले नाहीत. ते पुढे येणार आहेत.

प्रांताप्रांतांच्या या स्पर्धेला रणजी करंडक म्हणतात. जामनगरचे राजे रणजितसिंहजी हे मोठे नामांकित फलंदाज होते. त्यांच्या नावाने १९३४ साली ही स्पर्धा सुरू झाली.

प्राध्यापकांचा संघ

सुरुवातीच्या वर्षांत महाराष्ट्राचे कर्णधार होते दिनकर बळवंत देवधर. हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. वर्गात संस्कृत आणि मैदानावर क्रिकेट, दोन्ही सारख्याच शिस्तीने. १९२६ साली इंग्लंडहून गिलिगन यांचा संघ आला होता, त्याच्याविरुद्ध देवधरांनी १४८ धावा केल्या. आपली माणसे साहेबाच्या खेळात साहेबाला तोडीस तोड आहेत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पण भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ साली. तेव्हा देवधर ४० वर्षांचे होते. त्यांना घेतले नाही. पुढेही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

म्हणून ते घरी बसले का? नाही. त्यांनी तरुण पोरं गोळा केली आणि संघ बांधला. १९३९-४० साली या संघाने पुण्याला संयुक्त प्रांताचा १० गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक मिळवला. दुसऱ्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासच्याच संघाला हरवले आणि करंडक राखला. त्या वर्षी पन्नाशीला टेकलेल्या देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. पुढे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांनी एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके ठोकली. १९९३ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय १०१ होते.

त्यांच्या संघात सांगलीचा एक अबोल तरुण होता, विजय हजारे. १९३९-४० च्या हंगामात त्याने बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. हजारे पुढे बडोद्याकडून खेळले आणि भारताचे कर्णधार झाले. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

नऊ धावा राहिल्या

आता १९४८ चा डिसेंबर महिना. ठिकाण पुणे. समोर काठेवाडचा संघ. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राची फलंदाजी आली. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांची जोडी जमली. दोघांनी मिळून ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. ३०० झाल्या, ४०० झाल्या. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीला खेळ थांबला तेव्हा फलकावर आकडे होते : महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३.

त्या वेळी एका डावात सर्वांत जास्त धावांचा जागतिक विक्रम ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमन यांच्या नावावर होता, ४५२ धावांचा. म्हणजे बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. दोन-तीन चौकारांचे काम.

पण सुट्टीनंतर काठेवाडचा संघ मैदानात आलाच नाही. त्यांचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. विक्रम आपल्या संघाविरुद्ध झाला असे पुस्तकात लिहिले जाईल, ही त्यांना लाज वाटली. त्यांनी सामना सोडून दिला. निंबाळकरांच्या नऊ धावा कायमच्या राहून गेल्या.

यात मौज पाहा. नाव जाऊ नये म्हणून संघ मैदान सोडून गेला, आणि मैदान सोडले म्हणूनच आज त्याचे नाव निघते. खेळत राहिले असते, तर लोक म्हणाले असते, बिचाऱ्यांना मार बसला, पण उभे राहिले.

निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. २०१२ साली कोल्हापूरला ते वारले. प्रथम श्रेणीच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या सामन्यांत भारताच्या कुठल्याही फलंदाजाला त्यांच्या ४४३ धावा ओलांडता आलेल्या नाहीत.

तोच हंगाम, तेच गाव

या गोष्टीला तीन महिने झाले. १९४९ चा मार्च. ठिकाण पुन्हा पुणे. आता महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. उपांत्य सामना होता. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ केल्या. मुंबईने दुसऱ्या डावात आणखी ७१४ रचल्या.

वहीत हिशेब करा. ६५१ आणि ७१४ मिळून १३६५. त्यातून ४०७ वजा केले तर उरतात ९५८. म्हणजे जिंकायला महाराष्ट्राला ९५९ धावा हव्या होत्या. असा आकडा कुणी पार केलेला नव्हता. हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. दिवसचे दिवस उन्हात चेंडूमागे धावून अंग आंबून गेले होते. हात जोडून घरी जायला सबब हवी असती, तर यापेक्षा मोठी कुठली?

महाराष्ट्राचे गडी फलंदाजीला उतरले आणि त्यांनी ६०४ धावा केल्या. मधुसूदन रेगे यांनी दोन्ही डावांत शतक काढले. शरद देवधर हे प्राध्यापक देवधरांचे पुत्र. त्यांनीही शतक केले. सामना ३५४ धावांनी हरला, पण सात दिवस पुरता खेळला गेला. दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. वरच्या दर्जाच्या कुठल्याही सामन्यात जगात इतक्या धावा झालेल्या नाहीत. एकाच हंगामात एकाच गावाने दोन संघ पाहिले. एक निघून गेला, एक शेवटचा गडी बाद होईतो खेळला.

पुढची पोरं, पुढच्या पोरी

यानंतर २०२५ पर्यंत करंडक पुन्हा हाती आला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन हंगामांत संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हरला. पण खेळाडू घडतच राहिले. पुण्याचे चंदू बोर्डे भारताकडून ५५ कसोटी खेळले. वसंत रांजणे यांनी १९५६-५७ साली आपल्या पहिल्याच सामन्यात एका डावात नऊ गडी बाद केले. हेमंत कानिटकर आणि त्यांचा मुलगा हृषीकेश, दोघेही भारताकडून खेळले. १९९८ साली ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या, तेव्हा हृषीकेशने चौकार मारून सामना जिंकून दिला.

२०१६ साली स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध बाद न होता ५९४ धावांची भागी केली. रणजी करंडकात त्याआधी सर्वांत मोठी भागी ५७७ ची होती. ती गुल महंमद आणि आपल्याच विजय हजारे यांनी १९४७ साली बडोद्याकडून केलेली. पुढे २०२४ साली गोव्याच्या जोडीने ६०६ धावा करून हाही विक्रम मागे टाकला. गुगळे-बावण्यांच्या त्या सामन्यात महाराष्ट्राने २ बाद ६३५ केल्या होत्या. दिल्लीवाले निघून गेले नाहीत. त्यांनी उलट ५९० केल्या. खेळ असा असावा.

२०२२ साली ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले. षटकात चेंडू सहाच असतात, पण एक चेंडू नियमबाह्य पडल्याने तो पुन्हा टाकावा लागला. ती स्पर्धा होती विजय हजारे यांच्या नावाची. त्याच वर्षी तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारताच्या संघात होता.

आणि पोरींचे काय? हजाऱ्यांच्या सांगलीतच वाढलेली स्मृती मानधना २०१३ साली महाराष्ट्राच्या मुलींच्या संघातून खेळली आणि एका दिवसाच्या सामन्यात नाबाद २२४ धावा काढून गेली. २०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या महिलांनी नवी मुंबईला विश्वचषक जिंकला. स्मृती त्या संघाची उपकर्णधार होती. गावातल्या पोरीने बॅट मागितली तर हसू नका.

आता तुम्हाला वाचता येते. थंडीच्या दिवसांत रणजी करंडकाचे सामने चालू असतात. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर "महाराष्ट्र" हे नाव शोधा. पुढचे आकडे स्वतः वाचा. किती बाद, किती धावा. पहिला डाव वाचून पान उलटू नका. दुसरा डावही वाचा. संघ मागे पडल्यावर कसा खेळला, ते तिथे कळते.