जुना ट्रक, नवा गिअरबॉक्स : शाफ्ट कापण्याआधी

गेल्या आठवड्यात आपण जुन्या फार्गोला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. हा ट्रक वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातला. नवा गिअरबॉक्स लांबीला जास्त, त्यामुळे त्याचा मागचा फ्लँज मागे सरकतो आणि मूळचा, मध्ये सेंटर बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट बसत नाही. ठाण्यात वर्तकनगरला वागळे इस्टेट जवळच आहे, लेथ आणि वेल्डिंगची सोय तिथे होते. कापणं अवघड नाही. कुठे कापायचं, हे आधी ठरवायला हवं.

इथेच बरेच मालक म्हणतात, सेंटर बेअरिंगची कटकटच नको, सरळ एकच लांब शाफ्ट टाका. हे अजिबात करू नका. फिरणारी लांब नळी एका ठरावीक वेगाला मधोमध वाकते आणि दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी घुमू लागते. लांबी अर्धी केली की ही हद्द चौपट वर जाते. ७६ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची नळी ३ मीटर लांब असेल, तर हद्द मिनिटाला साधारण १,४०० फेऱ्यांवर येते. दीड मीटरला ती ५,६०० होते. डायरेक्ट टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, म्हणजे १,४०० हा रोजचाच वेग. त्यात नवा पाचवा गिअर ०.८ चा ओव्हरड्राइव्ह असेल, तर इंजिनाच्या २,८०० फेऱ्यांना शाफ्ट ३,५०० फिरतो.

तेव्हा शाफ्ट दोन तुकड्यांचाच ठेवा आणि पुढचा तुकडा आखूड करा. सेंटर बेअरिंगचा क्रॉसमेंबर हलवू नका, म्हणजे पाट्यांबरोबर वर-खाली होणाऱ्या मागच्या तुकड्याची लांबी आणि कोन जसेच्या तसे राहतात.

कोनाला फार महत्त्व आहे. युनिव्हर्सल जॉइंटचा (यूजे) क्रॉस १० अंशांत चालला, तर त्याच्या मागे जोडलेला भाग प्रत्येक फेरीत दोनदा दीड टक्का पुढे धावतो आणि दोनदा तितकाच रेंगाळतो. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असले, की हा चढ-उतार आपसात फिटतो. गिअरबॉक्सलगतच्या क्रॉसला मात्र जोडीदार नसतो, म्हणून तिथला कोन अंशभरच ठेवायचा. अगदी शून्यही नको, कारण मग आतल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी दाब देत राहतात. असा क्रॉस काढून नख फिरवून बघा, समांतर रेघा बोटाला लागतात. कोन तसाच ठेवून नवा क्रॉस घातला, तर त्याचीही तीच गत होणार.

स्लिप जॉइंट खोलण्याआधी ग्रीस-मातीचा थर पुसून दोन्ही भागांवरचे बाण शोधा. नसतील तर पंचने स्वतः खुणा मारा. जोडताना एक दात जरी चुकला तरी गाडी थरथरते, आणि दोष बिचाऱ्या सेंटर बेअरिंगवर जातो. वेल्डिंगनंतर बॅलन्सिंगला दोन्ही तुकडे सेंटर बेअरिंगसकट जोडूनच द्या, सुटे देऊ नका.