घरगुती स्वयंचलन : प्रारंभ पाण्याच्या टाकीपासून

ग्रामीण भागातील प्रत्येक व्यक्तीस दररोज किमान ५५ लिटर पाणी मिळावे, हा २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा निकष आहे. छतावरची टाकी ओसंडून १,००० लिटर पाणी वाया गेले, तर १८ माणसांचा दिवसाचा वाटा वाहून गेला असे होते. मोबाईलवरून दिवे लावण्याचे कौतुक अवश्य करावे. परंतु स्वयंचलनाचा श्रीगणेशा टाकीपासून करणेच श्रेयस्कर होय.

रचना कशी असते?

टाकीतील फ्लोट पाण्याबरोबर वरखाली होतो. पातळी घटली की त्यातील विद्युत संपर्क जुळून मोटार सुरू होते आणि टाकी भरताच तो तुटून मोटार थांबते. दुसरा फ्लोट खालच्या हौदात बसवावा. हौद रिता झाल्यास तो मोटार बंद ठेवतो. कोरडी चालल्याने पंपाचे सील तापून निकामी होते. मोठ्या मोटारीचा प्रवाह थेट फ्लोटमधून नेऊ नये. फ्लोटने केवळ स्टार्टरला आज्ञा द्यावी. या योजनेस इंटरनेटची मुळीच आवश्यकता नाही.

कोणती दक्षता घ्यावी?

वीज परत येताच सर्व मोटारी एकदम सुरू झाल्यास रोहित्रावर अतिरिक्त भार पडतो. कृषिपंपांना ऑटोस्विच लावू नयेत, असे आवाहन महावितरण करीत असते, ते याच कारणास्तव. म्हणून घरगुती यंत्रणेतही काही मिनिटांच्या विलंबाने मोटार सुरू होण्याची सोय असावी.

पाणी व वीज यांचा येथे निकट संबंध येतो. यास्तव जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. उत्तम अर्थिंग असावे आणि ३० मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारे साधन बसवावे. यंत्रणा बिघडली तरी पाणी मिळावे, यासाठी हाताने चालविण्याचे बटण कायम ठेवावे.

पुढे मोबाईलशी जोडणारे साधन घेतल्यास कारखान्यातून आलेला पासवर्ड प्रथम बदलावा. इंटरनेट खंडित झाले तरी ते साधन चालेल, याचीही खात्री करून घ्यावी.

शाळा व ग्रामपंचायत कार्यालय यांच्या टाक्यांवर असा प्रयोग प्रथम करता येईल. तेथे फ्लोट प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी घरच्या टाकीकडेही नव्या दृष्टीने पाहील.