मार्गारेटबाईंचं मराठी

नांदेडच्या आमच्या घरी मोल्सवर्थच्या कोशाची एक जाडजूड प्रत होती. तिच्यात मराठी भाषेवर डॉ. जॉन विल्सन यांचं टिपण आहे, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेलं. मराठी कशी घडली, कुठवर पसरली, हे एक स्कॉटिश पाद्री सांगतो, याचं मला शाळेपासून नवल वाटे. हे मराठी त्यांना आलं कुठून, याचा माग काढत हर्णैला पोचलो आणि तिथे विल्सनांपेक्षा त्यांच्या पत्नीतच गुंतलो.

जॉन १८०४ चे. मार्गारेट बेन १७९५ च्या, म्हणजे नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. ऑगस्ट १८२८ मध्ये लग्न, त्याच महिन्यात जहाज, फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबई. नव्या संसाराचे साडेपाच महिने समुद्रावरच गेले. मग भाषा शिकायला दोघं सुवर्णदुर्गासमोरच्या हर्णैला गेली. बाणकोट-हर्णैला स्कॉटिश मिशनची ठाणी होती. त्यांचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये आला आणि त्याच वर्षी वारला, हे या जोडप्याला ठाऊक असणारच.

मोल्सवर्थचा कोश छापून आला १८३१ मध्ये. तोवर केरीचा १८१० चा आणि केनेडीचा १८२४ चा, हाच आधार. बाकी पंडिताच्या तोंडून ऐकायचं. लातूरची मुलगी कोकणात सून म्हणून गेली तरी सुरुवातीला सासूचं बोलणं अंदाजानंच समजून घेते. मार्गारेटबाईंची अडचण याहून खोल होती. पंडित म्हणणार ‘मी येतो’. जॉननी ते जसंच्या तसं उचलावं. बाईंना मात्र ‘मी येते’ म्हणायचं, आणि कोकणातल्या घरांत कानावर येणार ‘मी येत्ये’. स्वतःविषयी बोलायची भाषा पुरुष पंडिताकडून जशीच्या तशी उचलता येत नाही, ती बायकांत बसूनच येते. त्यांच्या पुढच्या कामाचं मूळ मला इथे दिसतं.

मुंबईत आल्यावर त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, बघता बघता सहा. १८३२ ची निवासी शाळा म्हणजे आजची गावदेवीची सेंट कोलंबा. अमेरिकन मिशनची मुलींची शाळा १८२४ ची, म्हणजे याआधीची. पण परक्या देशात पाऊल ठेवून वर्ष होत नाही तोच दुसऱ्यांच्या लेकी शिकवायला घेणं मला थोर वाटतं. याच सुमारास जॉन हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी धर्मवाद घालत होते. इतिहासकारांनी त्या वादाला भरपूर पानं दिली. बाईंना त्यातली निम्मी तरी मिळायला हवी होती.

१९ एप्रिल १८३५ ला त्या गेल्या. हिंदुस्थानात येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. जॉननी त्यांची पत्रं आणि रोजनिशीतले उतारे जमवून १८३८ मध्ये चरित्र छापलं. ते वाचताना निवड नवऱ्याची आहे, हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

आपल्याकडची वाटही इथेच येऊन मिळते. जालन्याजवळचं बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत याच स्कॉटिश वर्तुळात ख्रिस्ती झाले. त्याआधी, १८३७ मध्ये, मार्गारेटबाईंच्या बहिणी ॲना बेन आणि हे बेन मुंबईत उतरल्या. शाळा त्यांना चालवायच्या होत्या, आणि आधी ‘मी आले’ म्हणायला शिकायचं होतं.