अक्षता पडण्याआधी

मंगलाष्टकांतलं शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट बाजूला सरतो, वाजंत्री वाजू लागतात आणि पुढच्या काही सेकंदांत स्टेजवर जे घडतं ते पुन्हा घडवून आणता येत नाही. फोटोग्राफरच्या दृष्टीने लग्नातला हा सगळ्यात बेभरवशाचा क्षण. नवरानवरी आणि लेन्स यांच्या मधल्या जागेत नेमके तेव्हाच तांदूळ उडत असतात, मामांचे हात वर जातात, कुणीतरी मोबाईल उंचावतो. ऑटोफोकसला जवळच्या वस्तूचा मोह फार. नवरीचा चेहरा धूसर आणि पुढच्या पाहुण्याचं मनगट लख्ख, असे फोटो प्रत्येक फोटोग्राफरकडे असतात. अल्बममध्ये ते येत नाहीत, एवढंच.

या क्षणाची तयारी आदल्या रात्री चालते. एका फोटोग्राफर मित्राच्या शेजारी बसून ती मी पाहिली. त्याच्याकडे कॅननचा ५डी मार्क फोर आहे, २०१६ साली आलेला. मिररलेस कॅमेऱ्यांच्या आजच्या काळात तो जुनाच म्हणायचा, पण ‘बोटांना सगळं पाठ आहे’ म्हणून हा ती बॉडी सोडत नाही. तिच्या मोड डायलवर सी१, सी२, सी३ अशा तीन जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात. शटर, अपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकसची पद्धत, बर्स्टचा वेग हे सगळं एकदा हवं तसं लावायचं आणि त्यांतल्या एका जागी साठवून टाकायचं. नंतर डायल फिरवला की अख्खा संच हजर.

याचा सी१ हळदीचा. त्यात व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये पक्का बांधलेला. मांडवाचं कापड लाल-पिवळं, अंगाला हळद, वरून ऊन गाळून येतंय. अशा वेळी ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा दर फ्रेमला रंगाबद्दल नवं मत देतो आणि एकाच नवरीची कांती चार फोटोंत चार प्रकारची दिसते. सी२ विधींचा. त्यात बीप बंद आणि शटर सायलेंटवर. गुरुजींच्या मंत्रात खटखट नको हे एक कारण. दुसरं म्हणजे शेजारी व्हिडिओवाल्याचा माइक असतो आणि तो नंतर ऐकवतो.

सी३ मात्र अक्षतांसाठी राखलेला, आणि सगळी कारागिरी त्यात. शटर १/५००, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा घातलेली, फोकस एआय सर्व्होवर, म्हणजे सतत पाठलाग करणारा. त्या पाठलागाच्या वेगवेगळ्या तऱ्हांना कॅननने ‘केस’ म्हटलं आहे. त्यांतली दुसरी केस मध्ये अडथळा आला तरी मूळ माणसाला धरून राहा, असं सांगते. ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी त्याने आणखी खाली, उणे दोनवर नेली होती. कुणाचा हात आडवा आला तरी फोकस लगेच त्याच्याकडे धावत नाही. निकॉनच्या डी८५० मध्येही हीच सोय आहे, फक्त नाव वेगळं.

शिवाय फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या, अंगठ्याखालच्या एएफ-ऑन बटणावर नेलेला. ही युक्ती फिल्मच्या काळातली. कॅननने १९८९ च्या ईओएस ६३० मध्ये ती पहिल्यांदा दिली. अंगठा दाबलेला असेपर्यंत फोकस पाठलाग करतो. मध्ये कुणी उभंच राहिलं तर अंगठा उचलायचा. फोकस होता तिथे थांबतो आणि तर्जनी फोटो काढतच राहते. नवख्याला पहिले काही दिवस हे जाचतं. नंतर मात्र साध्या कॅमेऱ्यावरही अंगठा ते बटण शोधू लागतो.

अँटी-फ्लिकर ही मला सगळ्यात चतुर वाटलेली सोय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट काळी. अँटी-फ्लिकर चालू असलं की कॅमेरा उजेडाचा सर्वोच्च क्षण गाठून शटर उघडतो. बर्स्ट किंचित मंदावतो, पण चालतं. हल्ली स्टेजमागे एलईडी वॉल लावतात, तिच्यापुढे ही हुशारी बहुतेकदा हरते, कारण तिचं लुकलुकणं वेगळ्याच गतीचं असतं. तिथे शटर १/१०० वर आणायचं आणि पट्टे दिसत नाहीत ना ते पाहायचं.

या संचांना एक खोड आहे. मेनूत ‘ऑटो अपडेट’ सुरू असेल तर ऐन वेळी केलेला प्रत्येक बदल सी३ मध्ये मुरतो आणि पुढच्या लग्नाला भलताच सी३ हाती येतो. म्हणून मित्र ते बंद ठेवतो. निकॉनच्या डी८५० मध्ये ए ते डी अशा बँका आहेत. त्यांत शेवटचा बदल आपोआप राहतो आणि तो टाळायची सोय नाही. महागड्या कॅमेऱ्यात एवढी उणीव का राहावी, हे मला पटत नाही.

सर्वांत शेवटी त्याने स्वतःच्या आणि जोडीच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवली. एक ‘ट्रॅडिशनल’ काढतो, दुसरा ‘कॅन्डिड’. एडिटिंगला सगळे फोटो वेळेनुसार एकत्र लागतात. पाच मिनिटांचा फरक असला तर अल्बममध्ये अंतरपाट दूर होण्याआधीच हार पडतात.

मेमरी कार्डांचा प्रश्न मात्र घड्याळांसारखा सहज सुटत नाही. ५डी मार्क फोरमध्ये एक सीएफ आणि एक एसडी, अशी दोन कार्डं बसतात. प्रत्येक फोटो दोन्हींवर लिहायला लावला तर संथ एसडीमुळे लांब बर्स्ट तुंबतो. एकावरच लिहिला तर ते कार्ड बिघडल्यावर हाती काही उरत नाही. मित्र एकावर रॉ आणि दुसऱ्यावर जेपेग लिहितो. घरात कार्य असेल आणि फोटोग्राफर ठरवायचा असेल, तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारू नका. फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी जातात का, एवढं विचारा, आणि उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा पाहा.